कोसा, रंग आणि चीवर

‘रेशमासाठी किडे मारावे लागतात, मग बौद्धांनी रेशीम वापरावे काय?’ हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. आपले मोहाडी आणि आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी प्रसिद्ध असल्याने त्याचे उत्तर शोधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोशाचा किडा ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढतो. ढिवर समाजातील कुटुंबे रानात त्याची राखण करतात, तर कोष्टी बांधव कापड विणतात. कोशाचा धागा मूळचाच मधाच्या रंगाचा. म्हणून पारंपरिक करवतकाठी साडीचे अंग न रंगविता रंग काठाला दिला जातो. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी 3 धोट्यांनी विणली जाते: दोन काठांसाठी, एक अंगासाठी. जपानमध्ये युझेन पद्धतीत तांदळाच्या खळीने रेषा आखून रेशमावरील रंग अडवितात. इथे रंगांची सीमा विणकरच राखतो.

आता विनयपिटकाकडे वळू. आळवी येथे काही भिक्षू रेशीमकारांकडे कोसे मागू लागले. त्यावर रेशीमकार म्हणाले की, आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी हे जीव मारतो. श्रमणांनी तसे का करावे? तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना रेशीममिश्रित आसन करवून घेण्यास मनाई केली. चीवराच्या 6 अनुज्ञात वस्त्रांमध्ये मात्र ‘कोसेय्य’ आहे. रंगही सहाच प्रकारचे सांगितले: मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून केलेले. मगधातील भातशेतीचे बांध पाहून आनंदाने चीवराची रचना केली. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना ती ओळखीचीच वाटेल.

यावरून आम्हांस असे दिसते की, दोष पोटासाठी राबणाऱ्या हातांना दिलेला नाही. गरज नसताना मागणाऱ्याला मात्र विचार करावयास लावले आहे.

इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. विदर्भात जाडेभरडे सुती कापड विणणारे पुष्कळ हात महारांचे होते. गिरण्यांच्या सुताने व कापडाने तो धंदा बुडाला. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे आपले कित्येक पूर्वज गिरणी कामगार झाले. किडा एकाने पाळावा, सूत दुसऱ्याने विणावे, जाडेभरडे तिसऱ्याच्या वाट्याला यावे, आणि हे जन्मानेच ठरावे! जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली स्पष्ट केले, त्याचा पुरावा आपल्या गावच्या मागावरच सापडतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी करवतकाठी पाहताना नक्षीबरोबर ती विणणारे हातही पाहावेत. कला जन्माच्या बेडीतून सुटावी, विणकराला श्रमाचे मोल मिळावे आणि नेसणाऱ्याने आपली गरज तपासावी. प्रश्नाचे हेच आमचे उत्तर आहे.