कोंबडीचे खाद्य आणि त्रैराशिक

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात शेकडा १८ भाग प्रथिने हवीत असे धरू. मक्यात ती सुमारे ९, तर भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ४५ भाग असतात. मग दोन्ही किती घ्याल? ३ किलो मक्यातून २७० ग्रॅम, १ किलो पेंडीतून ४५० ग्रॅम. मिळून ४ किलोंत ७२० ग्रॅम, म्हणजे शेकडा १८! अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा.

मात्र पेंड आधी नीट पाहा. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. बुरशीचे हे विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही पुरते जात नाही. बुरशी वाढते ती ओलाव्यावर. म्हणून मका व पेंड खडखडीत वाळवूनच साठवा. बुरसलेली पेंड कोंबड्यांनाच काय, गुरांनाही घालू नका.