हात लावू नको म्हणण्याआधी

आईबाबांनो, घरात नवी म्युझिक सिस्टिम आली की पहिल्याच दिवशी एक वाक्य दहादा कानावर पडतं, "हात लावू नको." दोन छोटे स्पीकर, मध्ये एक डबा, त्यावर गोल फिरणारं बटण आणि चमकणारे आकडे. चार वर्षांच्या मुलाचा हात तिथे जाणारच. मला आज तुमच्याशी याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते फार वेळा म्हणावं लागू नये अशी त्या यंत्राची मांडणी करता येते, आणि ती करावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मुलांचं ऐकणं हल्ली एकेकटं झालंय. हातात मोबाइल, कानात इअरफोन, खोलीचं दार लोटलेलं. मूल काय ऐकतंय, किती मोठ्याने, किती वेळ, काहीच कळत नाही. हॉलमधल्या सिस्टिमवर लागलेलं गाणं मात्र सगळ्या घराचं असतं. आजी "हे पुन्हा लाव गं" म्हणते, धाकटा मध्येच नाचून घेतो, स्वयंपाकघरातून कुणीतरी सूर धरतं. आवडलं नाही तर त्यावरून वादही होतो, आणि तो व्हावाच. पण ते यंत्र 'मोठ्यांचं' म्हणून उंचावर गेलं की मूल पुन्हा आपल्या मोबाइलकडे वळतं. म्हणून आधी यंत्र नीट बसवू आणि मग बिनधास्त मुलाच्या हाती देऊ.

सुरुवात रिमोटपासून करू. विजेपासून करायला हवी असं तुम्हाला वाटेल, पण घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर मला सगळ्यात जास्त काळजी त्या पातळ रिमोटचीच वाटते. छोट्या सिस्टिमबरोबर बऱ्याचदा असा चपटा रिमोट येतो आणि त्यात सीआर २०२५ किंवा सीआर २०३२ नावाचा गोल, चकचकीत सेल असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत अडकण्याची भीती मोठी. तिथल्या ओलाव्यामुळे सेलमधून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूला टेकलेल्या जागी तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही की गळावा लागत नाही. रिमोट चालेनासा झाला म्हणून आपण जो सेल काढून टाकतो, त्यातही इजा करण्याइतकी शक्ती शिल्लक असते.

म्हणून सिस्टिम घरी आली की आधी रिमोटचं मागचं झाकण पाहा. स्क्रू असेल तर घट्ट आवळा. नुसतं नखाने सरकणारं असेल तर त्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या आणि रिमोट मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा. यंत्रावरची बटणं मुलाला खुशाल दाबू द्या, पण हा रिमोट मात्र तुमचा. सेल बदलताना जुन्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो थेट ई-कचऱ्याच्या डब्याकडे न्या. 'नंतर टाकू' म्हणून टेबलावर ठेवू नका. खरेदीच्या वेळी निवड असेल तर दोन पेन्सिल सेलचा, जाडजूड रिमोट असलेली सिस्टिम घ्या.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. अनेकदा सुरुवातीला काहीच दिसत नाही. कधी लाळ गळते, खोकला येतो, मूल खायला नको म्हणतं. उलटी करवू नका, 'शी-मधून पडेल' म्हणून थांबू नका, केळं-भात भरवू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. मूल एक वर्षाहून मोठं असेल, सेल गिळून बारा तासांच्या आतला वेळ असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर सेल आणि अन्ननलिका यांच्यामध्ये येऊन इजा थोडी मंदावते. पण मध शोधण्यात पाच मिनिटंही घालवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. गेल्यावर डॉक्टरांना तसाच दुसरा सेल किंवा रिमोट दाखवा.

आता जागा. सिस्टिम मुलाच्या हाताशी हवी, म्हणजे बुटक्या, रुंद आणि जड कपाटावर. त्याच्या खणांवर पाय देऊन मूल वर चढेल असं आधीच गृहीत धरा. कपाट भिंतीला पट्टीने, स्क्रूने बांधून टाका. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. उंच, सडपातळ स्टँडवरचे स्पीकर मुलं लहान असेपर्यंत नकोतच. तारा समोरून लोंबत असतील तर रांगणारं बाळ त्या ओढणार आणि स्पीकर डोक्यावर घेणार, म्हणून त्या मागच्या बाजूने नेऊन पट्टीने बसवा. सतरंजीखालून तार नेऊ नका. रोजच्या पायांखाली तिचं वरचं आवरण झिजतं आणि ते कुणाला दिसतही नाही.

शोकेसच्या काचेआड सिस्टिम छान दिसते, पण आतल्या आत तापते. मागे आणि वर चार बोटं मोकळी जागा राहू द्या आणि जाळीवर क्रोशाचा रुमाल टाकू नका. आपल्या घरांत आणखी एक सवय असते. सपाट जागा दिसली की तिथे फुलदाणी, पाण्याचा तांब्या, उदबत्तीचं घर, सणाला निरांजन. सिस्टिमच्या डोक्यावर यातलं काहीही नको. गणपतीत तर जास्तच लक्ष द्या. मखर, दिव्यांच्या माळा, समई आणि आरतीसाठी जवळ आणून ठेवलेला स्पीकर, हे सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणि त्या बोर्डाला जोडलेला आणखी एक बोर्ड, असं चित्र अनेक घरांत दिसतं. बोर्डाला बोर्ड जोडू नका, त्यावर इस्त्री-गीझर तर नाहीच नाही. तीर्थाचं पाणी सांडतं त्या जमिनीवर बोर्ड ठेवू नका, भिंतीवर टांगा.

विजेचं बोलायचं तर आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. अमेरिकेतल्या काकांनी प्रेमाने पाठवलेली सिस्टिम तिथल्या १२० व्होल्टची असू शकते. पिनेचा आकार बदलणारा छोटा प्लग कुठेही सहज मिळतो, पण त्याने फक्त आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. ती सिस्टिम तशीच लावली तर जळेल, धूरही निघेल. मागच्या लेबलवर किंवा अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' असं लिहिलं असेल तर चिंता नाही. फक्त १२० लिहिलं असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तोही सिस्टिमच्या वॉटपेक्षा जास्त क्षमतेचा. जुन्या काही यंत्रांना मागे व्होल्टेज निवडायची कळ असते; ती कोणत्या आकड्यावर आहे ते प्लग लावण्याआधी पाहा.

तीन पिनांची तार असेल तर वरची जाड पिन अर्थिंगची. बोर्डात बसत नाही म्हणून ती तोडणं, किंवा दोन पिनांच्या जोडप्लगातून तीन पिनांचं यंत्र चालवणं, हे मुलं असलेल्या घरात तर अजिबात चालणार नाही. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या यंत्रांना मात्र दुहेरी आवरण असतं, त्यांना दोनच पिना असतात आणि ते योग्यच असतं. घरात आरसीसीबी बसवलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो. माणसाला धक्का बसताना वीज तोडण्याचं काम आरसीसीबीचं. त्यावरचं 'टी'चं बटण अधूनमधून दाबून तो खाली पडतो ना, ते पाहत जा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येण्याआधीच प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण विजेचा लोळ बटणाच्या फटीवरून उडी मारू शकतो. गडगडू लागल्यावर प्लगाला हात लावायलाही जाऊ नका. आणि आतून काही बिघडलं तर घरी डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो, आणि सीडी वाचणारा लेझर सुमारे ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो. डबा बंद असताना त्याचा धोका नाही.

इथवर भीतीचंच बोलणं झालं, पण मला सगळ्यात आवडणारं काम आता येतं. स्पीकरच्या तारा जोडायला आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर घ्या. भिंतीचा प्लग काढलेला हवा, ही एकच अट, आणि ती त्यालाच तपासायला सांगा. लाल टोक लाल खाचेत, काळं काळ्यात. तारेचे बारीक तंतू आधी पिळून घ्यायचे; एकही तंतू शेजारच्या खाचेला शिवला तर अँप्लिफायर बिघडू शकतो. स्पीकर बदलायचे असतील तर मागे ओहमचा आकडा पाहायचा. सिस्टिमवर ६ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडायचे नाहीत, अँप्लिफायरवर जास्त ताण येतो.

सगळं जोडून झालं की ढोलकी-तबला असलेलं एक गाणं ऐका आणि मग एक गंमत करा. प्लग काढा, एकाच स्पीकरची लाल-काळी टोकं मुद्दाम उलटी लावा आणि तेच गाणं पुन्हा लावा. डग्ग्याचा घुमारा बारीक होतो आणि गायकाचा आवाज मधून येण्याऐवजी कुठून येतोय ते कळेनासं होतं. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, म्हणून खर्जाच्या लाटा एकमेकींना खोडतात. मुलाला हे आधी सांगू नका, त्याला ऐकून ओळखू द्या. मग टोकं सरळ लावा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर दोघांसमोर मधोमध बसा, स्पीकर कानांच्या उंचीला. रिकाम्या भिंतीसमोर गायक उभा राहिल्यासारखा वाटेल. लंडनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१मध्ये ज्या दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला, तो ध्वनी तुमच्या हॉलमध्ये असा उभा राहतो. मुलाने एकदा हे ऐकलं की ते त्या यंत्राशी धसमुसळेपणा करत नाही, असा माझा विश्वास आहे.

उरला आवाज. दुकानात हजारो वॉटचे आकडे सांगतात, त्यातला 'पीएमपीओ'चा आकडा सोडून द्या आणि 'आरएमएस' किती ते विचारा. दोन-अडीचशे चौरस फुटांच्या हॉलला दहा-वीस वॉट भरपूर होतात. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. छोटी सिस्टिम शेवटपर्यंत पिळली की आवाज फाटतो आणि उंच स्वरांचा छोटा स्पीकर जळू शकतो. फाटका आवाज आला की तिथून मागे यायचं, हे मुलाला सांगून ठेवा.

कानांची काळजी मात्र तुमच्याकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी कानाला लावून ऐकायच्या उपकरणांसाठी जी मर्यादा दिली आहे, ती मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांसाठी ७८ला २० तास, ८१ला १० आणि ८४ला पाचच. हेच गणित मी हॉलमध्येही धरतो. मोबाइलवर डेसिबल मोजणारं अॅप असतं, ते काटेकोर नसलं तरी अंदाज देतं. मूल बसतं तिथे धरून मोजा, आणि जिथे ७० ते ७५ येतं तिथे बटणाशेजारी एक टिकली चिकटवा. बटण नुसतं गरागरा फिरत असेल तर पडद्यावरचा आकडा ठरवा. ब्लूटूथवर मोबाइलचा आवाज आणि सिस्टिमचा आवाज वेगवेगळे असू शकतात, म्हणून मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून मग मोजा. स्पीकरच्या तोंडाशी कान लावून बसणाऱ्या बाळाला मागे घ्या, कारण तिथे आकडा बराच वर असतो. बंद करताना बटण खाली आणायची सवय सगळ्यांनाच हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिला धमाका मुलाच्या कानावर होतो. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्र. वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाचा विचार करून आपण नऊलाच आवाज उतरवला तर काय बिघडलं?

एवढं झालं की मुलाला चालू-बंद करू द्या, रेडिओ लावू द्या, सीडी कडेने धरून ठेवू द्या, मधून कडेकडे सरळ पुसायला शिकवा. बोटांचे ठसे पडतील, क्वचित एखादी सीडी खरचटेल, तेवढं चालतं.

एक सांगायचं राहिलं. आपल्या मुलाला हे सगळं माहीत असतं, पाहुण्यांच्या दोन वर्षांच्या बाळाला नसतं. बेल वाजली की तो पातळ रिमोट उचलून वरच्या कपाटात ठेवा.