पंप दम सोडतोय, तोवर समृद्धीवर जाऊ नकोस

सुलतानपूर, ता. लोणार,
जि. बुलडाणा

चि. बाळास,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "काका, गाडी लांबच्या भाड्यात मधेच दम सोडते, पण जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू होते." तुला त्यात दिलासा वाटला. मला नेमकी त्याच गोष्टीची धास्ती वाटते, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आतच बसवलेला आहे. ती विजेवर चालणारी लहानशी मोटर, आणि तिला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच. झिजलेली मोटर तापली की दाब उतरतो, निवली की परत येतो. गाडी पुन्हा चालू झाली म्हणजे दुखणं गेलं असं समजू नकोस. अशा पंपाचा दम पुढे आणखी लवकर सुटतो, आणि एक दिवस तो उठतच नाही. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची तुझी सवयही त्याला भोवली असणार. पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देऊ नकोस.

चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते, ती आता कर्कश झाली आहे का, ते ऐक. लोणार-मेहकर अशा लहान फेरीत तुला काही जाणवणार नाही, कारण तेवढ्याला पेट्रोल कमी लागतं. पण चार माणसं, एसी चालू आणि खामगावहून बुलडाण्याला येताना बोथ्याचा घाट, तिथे पाय दाबूनही गाडी ओढत नसेल, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाही. फिल्टर तुंबला तरी असंच होतं, म्हणून आधी फिल्टर, रिले आणि वायरिंग बघून घे, मग गेज लावून दाब मोजून घे. न मोजता पंप बदलणारा मेस्त्री मला पटत नाही.

गाडी नुसती थांबली तर काय बिघडतं, असं तू म्हणशील. समृद्धी महामार्गावर ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. त्या वेगात इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकला मदत करणारा बूस्टर एकदोनदा दाबेपर्यंतच साथ देतो. त्याहून वाईट पुढेच आहे. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर वैजापूरजवळ समृद्धीवर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळला. बारा माणसं गेली. तो ट्रक काही बिघडला नव्हता, पण मागून येणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? अंधारात, सरळसोट रस्त्यावर पुढची गाडी चालते आहे की उभी, हे कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. आपल्या जिल्ह्यात देवदर्शन करून निघालेली माणसं होती ती. तुझ्या गाडीतही अशीच माणसं बसतात, तुझ्या भरवशावर.

एवढं करूनही कधी गाडी बंद पडलीच, तर वेग आहे तोवर डावीकडची कडा गाठ. चावी काढू नकोस, स्टेअरिंग अडकेल. चारही इंडिकेटर लाव, सवारीला डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे ने, आणि 112 ला फोन कर. बॉनेट उघडून रस्त्याकडेला खटपट करत बसू नकोस. आणि टाकी उघडायची ती गॅरेजमध्येच, बॅटरी सोडवून. तिथे कुणी बिडी पेटवली तर स्पष्ट बोल, लाजू नकोस.

नवा पंप स्वस्तातला घेऊ नकोस. पैशाची अडचण असेल तर मला सांग, मी देतो, सवडीने फेड. पण दाब तपासून होईपर्यंत समृद्धीवरून नागपूरचं एकही भाडं घेऊ नकोस. मालक कुरकुरला तर माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
काका