रक्ताच्या कर्करोगाची गोळी आणि बुरशी

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. नाव ऐकताच सलाइन, गळालेले केस आणि परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये, वृद्धांत आढळणाऱ्या संथ प्रकारच्या ल्युकेमियासाठी, इब्रुटिनिबला. आता पुष्कळसे रुग्ण घरी गोळी घेऊन हिंडतात-फिरतात. भांडुपच्या माझ्या दवाखान्यात ते खोकल्यासाठी येतात आणि ही गोळी चालू आहे हे सांगायचेच विसरतात!

सांगणे का जरुरीचे? इब्रुटिनिब हे ‘बीटीके’ नावाचे प्रथिन बंद पाडते. कर्करोगाच्या पेशींना ते लागते, तसेच फुप्फुसात शिरलेली बुरशी गिळणाऱ्या पेशींनाही लागते. ॲस्परजिलस ही बुरशी हवेत सर्वत्र असते. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती, पुनर्विकासासाठी पाडलेल्या चाळींची धूळ... आपल्याकडे दोन्हींची वाण नाही. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. या रुग्णांपैकी काही थोड्यांच्या फुप्फुसात मात्र ती रुजते, कधी मेंदूतही पोहोचते. धोका विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, आणि सोबत स्टिरॉइड असल्यास अधिक. २०२१ साली कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने थैमान घातले, त्यातही मधुमेहाबरोबर स्टिरॉइडचा मोठा वाटा होता. इमॅटिनिब घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी. त्यांनी उगाच धास्ती घेऊ नये.

म्हणून इब्रुटिनिबवरील रुग्णाला ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे, थुंकीत रक्त किंवा नव्याने सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नये. कित्येकदा बुरशी असूनही ताप नसतो. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा दोष सुटू शकतो. छातीचा सीटी स्कॅन लागतो. दम लागतो म्हणून कोणाकडूनही स्टिरॉइडचे इंजेक्शन टोचून घेणे तर आगीत तेल ओतणे होय.

औषधाच्या दुकानातून बुरशीची गोळी आणणेही तितकेच वाईट. फ्लुकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल चालते, पण ते यकृतात इब्रुटिनिबचा निचरा रोखते. रक्तातील प्रमाण कित्येक पटींनी वाढून रक्तस्राव होऊ शकतो किंवा हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मात्रा कमी करायची की गोळी काही दिवस थांबवायची, हे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील. तेव्हा दवाखान्यात येताना गोळीचे वेष्टण सोबत आणा. नाव पाठ नसले तरी चालेल.