रतामाचें झुडूप आणि चहाची मोटार

पाठ : १ राजे १९ : १–८

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखालीं निजला होता, तेव्हां देवदूतानें त्याच्याशीं कसें वर्तन केलें हें ह्या पाठांत आपणांस पाहावयाचें आहे. संदेष्टा थकलेला, भ्यालेला आणि मरण मागणारा असा होता. अशा मनुष्यास बोध करण्याजोगें पुष्कळ होतें. राणीच्या धमकीसरशी त्यानें पळ काढला होता. कर्मेल डोंगरावर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें सामर्थ्य तो विसरला होता. परंतु देवदूतानें ह्यांतली एकही गोष्ट काढली नाहीं. त्यानें त्यास स्पर्श करून उठविलें, खावयास सांगितलें, आणि त्याच्या उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें ठेवलें. संदेष्टा जेवून पुन्हां निजला, तरी देवदूत रागावला नाहीं. त्यानें दुसऱ्यांदा उठवून पुन्हां जेवूं घातलें. होरेबावर जें बोलणें व्हावयाचें होतें तें पुढें, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर झालें.

ह्या पाठाच्या स्पष्टीकरणासाठीं आम्ही दुसऱ्या महायुद्धांतील (१९३९ ते १९४५) एक सेवा घेतों. ती म्हणजे चहाच्या मोटारींची.

पहिल्या महायुद्धांत वाय. एम्. सी. ए. ह्या तरुणांच्या ख्रिस्ती संघानें सैनिकांसाठीं छावण्यांजवळ लाकडी घरें बांधलीं होतीं. तेथें चहा मिळे, पत्र लिहावयास कागद मिळे, बसावयास बाक मिळे. पण त्या घरापर्यंत सैनिकानें चालून यावें लागे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडाच्या रक्षणासाठीं विमानविरोधी तोफा व आकाशांत प्रकाशझोत टाकणारे दिवे शेतांतून, टेकड्यांवर, समुद्रकिनारीं विखरून ठेवले होते. एकेका ठिकाणीं थोडीशीच माणसें, आणि त्यांना जागा सोडून जातां येत नसे. तेव्हां घरालाच चाकें लावणें भाग पडलें. मोटारीच्या एका बाजूस झडप असे. ती वर उचलली कीं दुकानाची फळी दिसे. आंत पाण्याची टांकी, तोटी लावलेलीं चहाचीं मोठीं पिंपें, पेले, पाव व गोड वड्या. चालविणारीही बहुधा बाई आणि चहा ओतणारीही बाई.

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानें लंडनवर बाँब टाकूं लागलीं आणि लागोपाठ ५७ रात्री तीं येत राहिलीं. आतां ह्या मोटारींचें काम सैनिकांपुरतें उरलें नाहीं. बाँब पडला म्हणजे ज्यांचीं घरें मोडत तेच उपाशी राहत असें नव्हे. रस्त्याखालून गेलेले पाण्याचे व गॅसचे नळ फुटत. त्यामुळें ज्याचें घर धड उभें आहे त्याच्याही चुलीस आग नसे आणि भांड्यांत पाणी नसे. शहराचा मनुष्य त्या सकाळीं आपल्या दुष्काळी गांवच्या मनुष्याहून अधिक अगतिक होई. आपण निदान दोन काटक्या गोळा करूं. आग विझविणारे लोक रात्रभर नळ धरून भिजून उभे असत. ढिगाऱ्याखालून माणसें काढणाऱ्यांच्या तोंडांत चुन्याची धूळ बसे. अशांच्या जवळ मोटार जाऊन उभी राही.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं कॉव्हेंट्री शहरावर मोठा हल्ला झाला. पांचशेंहून अधिक माणसें मेलीं आणि संत मायकेलाचें प्राचीन ख्रिस्तमंदिर जळून केवळ भिंती राहिल्या. अशा प्रसंगीं एक मोटार पुरेशी नव्हती. म्हणून इंग्लंडच्या अन्नखात्यानें मोटारींचे तांडे केले. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिनें पहिल्या तांड्यासाठीं पैसे दिले, म्हणून त्यांस ‘राणीचे दूत’ असें नांव पडलें. असे १८ तांडे होते. एका तांड्यांत आठ गाड्या : दोन शिधासामग्रीच्या, दोन स्वयंपाकाच्या, तीन वाढण्याच्या, आणि एक केवळ पाण्याची. ही शेवटची गाडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. मदतीस जाणारा मनुष्य आपलें पाणी बरोबर घेऊन जाई. ज्याच्याकडे गेला त्याच्याजवळ मागत नसे.

हें काम करणाऱ्या बायांत ‘स्त्री स्वयंसेवा’ ह्या संस्थेच्या पुष्कळ होत्या. ती संस्था १९३८ सालीं लेडी रीडिंग ह्यांनीं काढली. ह्या बाई हिंदुस्थानास अगदींच परक्या नव्हत्या. लग्नापूर्वीं त्यांनीं येथें व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांच्या पदरीं चिटणिसाचें काम केलें होतें. त्यांच्या संस्थेंत दहा लक्षांवर बाया आल्या. बहुतेकींस वेतन नव्हतें. दोनशेंहून अधिक जणी युद्धांत प्राणास मुकल्या. आणि चहा तरी त्या देशांत विपुल होता काय? जुलै १९४० पासून दर माणशीं आठवड्यास दोन औंस, म्हणजे सुमारें पांच तोळे चहा, इतकेंच शिधापत्रिकेवर मिळे.

आतां ह्या सेवेंतील एक अवघड गोष्ट सांगतों, कारण उपदेशक बंधूंस तिचा विचार करावा लागेल. ती पैशाची गोष्ट होय.

अमेरिकन रेडक्रॉस संस्थेनें इंग्लंडांत जुन्या प्रवासी बसगाड्यांत चुली बसवून आपल्या सैनिकांस कॉफी व डोनट वाटले. डोनट म्हणजे कड्याच्या आकाराचें तळलेलें गोड पक्वान्न. १९१७ सालीं मुक्तिफौजेच्या बायांनीं फ्रान्सांतील छावणींत तें तळून दिल्यापासून अमेरिकन शिपायांस तें घराची आठवण वाटे. ह्या गाड्यांवर तें फुकट असे. परंतु शहरांत रेडक्रॉसचीं जीं विश्रांतिगृहें होतीं तेथें १९४२ पासून जेवण व बिछाना ह्यांबद्दल पैसे घेण्यांत येऊं लागले. ही रेडक्रॉसची इच्छा नव्हती. तिनें हरकतही घेतली. अमेरिकेच्या युद्धखात्यानेंच तसें सांगितलें होतें, कारण इंग्रज शिपायांस आपल्या उपाहारगृहांत पैसे द्यावे लागत आणि एकास फुकट व दुसऱ्यास विकत असें झाल्यास वैमनस्य येईल अशी भीति होती. कारण सयुक्तिक होतें. रक्कमही थोडी होती. तरीसुद्धां पुष्कळ सैनिक घरीं परतल्यावर ती गोष्ट विसरले नाहींत. म्हातारपणीं, नातवंडांदेखत ते म्हणत कीं रेडक्रॉसनें आमच्याकडून पैसे घेतले.

उलट इंग्रज शिपाई चहाच्या मोटारीवर पेल्याचे पैसे देत असे आणि त्याबद्दल त्यास कांहीं वाटत नसे. असें कां? आमच्या मतें पैसा हें कारण नव्हे. इंग्रजास पहिल्यापासून ठाऊक होतें कीं हें स्वस्त दुकान आहे. अमेरिकनास वाटत होतें कीं घरच्या लोकांनीं वर्गणी देऊन आपणांस हें पाठविलें आहे. आणि मग हात पुढें आला.

हें वाचून आमच्या अहमदनगराकडील वाचकांस जुनी गोष्ट आठवेल. १८७६ ते १८७८ व पुढें १८९६ ते १९०० ह्या दुष्काळांत मिशनांनीं अन्न व काम दिलें, आणि त्याच काळांत पुष्कळ लोक मंडळींत आले. तेव्हांपासून ‘भाकरीसाठीं बाटलेले’ हा टोमणा आमच्या वडिलांनीं ऐकला व आम्हींही ऐकला. अन्न देणाऱ्यांच्या मनांत काय होतें हें देव जाणतो. पुष्कळांचें मन निर्मळ होतें अशी आमची खात्री आहे. पण घेणाऱ्यास अन्नाची किंमत आधीं कळली नव्हती असा संशय जरी राहिला, तरी तो दोन पिढ्या पुरतो.

ह्या बाबतींत पहिल्या महायुद्धांतील एक उदाहरण उपयोगी आहे. १९१४ सालीं हिंदी पलटणी फ्रान्समध्यें गेल्या, तेव्हां वाय. एम्. सी. ए. चे लोक त्यांच्या सेवेस गेले. त्यांत सुरेंद्रकुमार दत्त हे हिंदी ख्रिस्ती गृहस्थ होते. सरकारनें अट घातली कीं शिपायांमध्यें धर्मप्रसार करावयाचा नाहीं. हिंदु, शीख, मुसलमान अशा सर्वांस त्यांनीं चहा दिला आणि निरक्षर शिपायांचीं पत्रें घरीं लिहून दिलीं. ज्याला सुवार्ता सांगण्याचें पाचारण आहे त्यास ती अट जड वाटली असेल. एलीयाच्या देवदूतासही त्या दिवशीं तीच अट होती असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या युद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जेथें मराठा पलटणीही लढल्या, १९४२ सालीं स्थापन झालेल्या एका स्त्री-सेवादलानें चौदाव्या सैन्यामागून चहाच्या मोटारी नेल्या. त्या बायांस शिपाई ‘वॉस्बी’ म्हणत. रस्ते चिखलाचे, मुक्काम तंबूंत. हें स्तुत्यच होय. पण त्याच आघाडीच्या पाठीशीं बंगालांत १९४३ च्या दुष्काळांत वीस ते तीस लक्ष माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. तेथें पेजेचीं अन्नछत्रें उशिरां उघडलीं, आणि खेड्यांतील लोक अन्नाच्या शोधांत कलकत्त्यापर्यंत चालत जाऊन रस्त्यावर पडले. सैनिकाकडे चुलीनें जावें हें लोकांस सुचलें होतें. शेतमजुराकडे तिनें जावें हें वेळेवर सुचलें नाहीं.

उपदेशकांनीं हा पाठ मंडळीपुढें वाचतांना एलीयाच्या मागील पराक्रमावर फार वेळ घालवूं नये. पांचव्या वचनापासून सावकाश वाचावें, आणि देवदूत दोन्ही वेळां मिळून किती शब्द बोलला तें मुलांकडून मोजवून घ्यावें.