निजायची खोली

देहूरोड सोडले की लोणावळ्याकडची लोकल बेगडेवाडीला थांबते. हा मावळ. इथे चार महिने पाऊस, आणि जुन्या घरांच्या भिंतींना ओल.

पावसाळा सरला की निजायची खोली नीट बघा. भिंती काळवंडलेल्या. दांडीवर कपड्यांचा ढीग. कोनाड्यात खोकल्याच्या औषधाची बाटली, आणि तिच्या शेजारी पिकावर फवारायच्या विषाची! रात्री लाइट गेली, पोर खोकू लागले, तर हात कोणत्या बाटलीवर पडेल?

आधी ती विषाची बाटली खोलीतून काढा. घराबाहेर, कुलपात ठेवा. मग रंगाचे बघू.

ओल्या भिंतीला ऑइलपेंट नको. आतली ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. चुना बरा. लोखंडी पिंपात पाणी घ्या. प्लास्टिकची बादली नको, ती वितळते. कळीचा चुना थोडा थोडा पाण्यात सोडा. तो रटरटा उकळतो. पोरांना लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर डोळा भरपूर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. चुना रात्रभर मुरला की गाळा. पांढऱ्यासाठी चिमूटभर नीळ, पिवळ्यासाठी पिवडी. भिंत झाडा, तिच्यावर पाणी मारा, मग दोन-तीन पातळ हात द्या. जाड हात दिला तर पाठ टेकताच चुना अंगाला लागतो.

पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. वाळवीला सातबारा काय नि रद्दी काय! कागद पत्र्याच्या डब्यात घाला. गोधड्यांसाठी वर फळी ठोका. म्हातारीची गोधडी मात्र खालीच असू द्या. तिला ती रोज लागते.