सहाव्या आठवड्याला तिथे कोण असणार?

नाताळ जवळ आला की मला फोन यायला लागतात. बहुतेक नुकतीच ऑप्टोमेट्रीची डिग्री घेतलेली मुलंमुली असतात. कुणी नगरच्या मंडळीतलं, कुणी मिरजेचं, कुणी आता दुबईत किंवा टोरांटोत नोकरी करणारं. “ताई, मिशनच्या नेत्रशिबिराला स्वयंसेवक म्हणून जायचंय. सोबत काय काय घेऊ?” त्या आवाजातली ओढ माझ्या ओळखीची आहे आणि मला ती मोलाची वाटते. पण सामानाचं सांगण्याआधी मी एक गोष्ट विचारते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर सहाव्या आठवड्याला त्या पेशंटचा डोळा कोण तपासणार आहे? त्या माणसाचं नाव सांग. नाव सांगता येत नसेल, तर अजून तिकीट काढू नकोस.

हा प्रश्न मी पुस्तकात वाचलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एका जुन्या मिशन कंपाउंडात डिसेंबरात शिबीर होतं. परदेशातून आलेले सर्जन होते, पुण्यामुंबईच्या आम्ही काही ऑप्टोमेट्रिस्ट आणि नर्सेस होतो. सर्जनांचा हात उत्तम होता. मायक्रोस्कोप, लेन्स, औषधं, कशाची वाण नव्हती. सकाळी उपासना, मग ऑपरेशनं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, हातात थेंबांची बाटली आणि काळा चष्मा द्यायचा आणि जीपने पाड्यावर सोडायचं. शेवटच्या पेशंटची पट्टी निघाली त्याच दुपारी पथक निघालं. चष्म्यांचं काम उरलं होतं म्हणून मी मागे थांबले होते.

मग एक म्हातारे बाबा आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. पापणी सुजून मिटलेली. ती हलकेच उघडली तर डोळा लालभडक, आणि काळ्या बुबुळाच्या खालच्या कडेला पूचा पांढरा थर, साध्या टॉर्चच्या उजेडातही दिसणारा. थेंब टाकले का, असं विचारल्यावर नातवाने खिशातून बाटली काढली. “रोज टाकले,” तो म्हणाला, आणि कसे टाकले तेही त्याने उलटी बाटली दाबून दाखवलं. थेंब आला नाही. बाटली काठोकाठ भरलेली होती. त्या बाटल्यांचं टोपण पहिल्यांदा घट्ट आवळावं लागतं, तेव्हा आतला खिळा टोकाला भोक पाडतो. हे त्या मुलाला कुणी दाखवलंच नव्हतं. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरात तोच मोठा.

पडद्याचा डॉक्टर गाठायचा तर सुरत नाही तर नाशिक. जीप मिळेपर्यंत आणखी वेळ गेला. बाबांचा डोळा गेला. जंतू कुठून शिरला ते मी सांगू शकत नाही, तो टेबलावरही शिरलेला असू शकतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो डोळा कुणी पाहिला असता, तर निदान वाचवण्याची धडपड तरी वेळेत झाली असती. पथकाच्या अहवालात मात्र बाबा यशस्वी ऑपरेशनांतच मोजले गेले, कारण अहवाल पट्टी काढली त्याच दिवशी लिहून झाला होता.

नवीन मुलांना यातून पहिली गोष्ट सांगते ती तारखांची. शिबिराच्या तारखा आपल्या रजेवरून ठरतात. परदेशी पथकाला नाताळच्या आगेमागे सुट्टी असते आणि थंडीची हवा मानवते. सातपुड्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला नाही तर गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीपर्यंत परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे ज्याला ऑपरेशन हवं तो गावात असतो, पण त्याला दर आठ दिवसांनी डोंगरावरून खाली घेऊन येणारं माणूस गावात नसतं. जिथे जाणार असाल, तिथे आधी विचारा की गाव भरलेलं कधी असतं. ते उत्तर आपल्या रजेत बसत नसेल, तर रजा बदलायची. मग तो भाग मेळघाट असो, बस्तर असो की आफ्रिकेतलं एखादं खेडं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. किती ऑपरेशनं झाली हा आकडा देणगीदारांना कळतो, म्हणून तोच मोजला जातो. तुम्ही पथकप्रमुखाला दुसरा आकडा विचारा: मागच्या वर्षीच्या पेशंटांना आता किती दिसतं? जागतिक आरोग्य संघटनेचा कित्येक वर्षं वापरात असलेला निकष असा आहे, की ऑपरेशननंतर शंभरातल्या किमान 80 डोळ्यांना 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसावं आणि 6/60 पेक्षा कमी दिसणारे 5 च्या आत असावेत. ज्या पथकाला स्वतःचा हा आकडा माहीत नाही, ते आपण काय करून आलो हे जाणत नाही. आणखी एक स्पष्ट विचारा: टेबलावर शिकाऊ हात असणार आहे का? ज्याला एकाच डोळ्याने दिसतं, त्याच्या त्या डोळ्यावर कुणीही ऑपरेशनचा सराव करू नये. गरीब माणूस फुकट आला म्हणून त्याचा डोळा शिकण्यासाठी मिळाला, असं होत नाही.

मिशनचं काम मुळातच असं धावतपळत होतं, असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं, कारण इतिहास तसा नाही. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं आणि आयुष्याची उमेदीची सारी वर्षं तिथेच घालवली. डॉक्टर नाहीत म्हणून त्यांनी तिथेच माणसं शिकवली. मोतीबिंदूसाठी लांबलांबून लोक मिरजेला येत, ते वॉनलेससाहेब उद्याही तिथेच असणार या खात्रीने. सर हेन्री हॉलंड यांचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं, कारण ते खरोखरच शिबिरं घेत. क्वेट्ट्यातली कडक थंडी टाळून दर हिवाळ्यात ते सिंधमध्ये शिकारपूरला उतरत, आणि तिथे काही आठवडे डोळ्यांची ऑपरेशनं चालत. बाहेरगावचे सर्जनही स्वखर्चाने मदतीला येत. पण जागा तीच, आणि असं एकदोन वर्षं नव्हे, दशकानुदशकं चाललं. मुलगा रोनाल्डही त्याच कामात आला आणि 1960 साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. थोडे दिवस जाणं यात काही वावगं नाही. त्याच दारी पुन्हा जाणं आणि मधल्या काळात दार उघडं ठेवणारं माणूस असणं, एवढं हवं.

मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि लगेच विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस खरं सांगतो की माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसू लागतं. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून मी ही गोष्ट वाचते तेव्हा मला त्यात आमचं सगळं काम दिसतं. उपचारानंतर विचारणं, पेशंटचं अपुरं उत्तर ऐकून घेणं आणि दुसऱ्यांदा हात लावणं. ज्यांना आपल्या सेवेला येशूचं नाव द्यायचं आहे, त्यांनी दुसरी तपासणी वगळू नये.

आता चष्म्यांविषयी, कारण ऑप्टोमेट्रिस्टचा वेळ सर्वात जास्त त्यातच जातो आणि वायाही त्यातच जातो. परदेशातल्या चर्चमधून जुन्या चष्म्यांची खोकी येतात. देणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण तो माल कामाचा नसतो. एखाद्याचा उणे सहा नंबर, वर सिलिंडर, त्याचा अक्ष वेगळा, दोन डोळ्यांतलं अंतर वेगळं. असा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर बसत नाही. खोकीच्या खोकी लेन्सोमीटरखाली घालून निवडत बसावं लागतं. 2012 साली ‘ऑप्टोमेट्री अँड व्हिजन सायन्स’ या नियतकालिकात याचा अभ्यास छापून आला होता: दान आलेल्या 275 चष्म्यांपैकी वापरण्याजोगे निघाले फक्त 7 टक्के. त्यापेक्षा +1.00 ते +3.00 चे नवे चाळिशीचे चष्मे घाऊक घ्या, ते स्वस्त पडतात. ज्यांना नंबरप्रमाणे बनवून हवेत, त्यांचे तालुक्याच्या चष्मेवाल्याकडून करून घ्या आणि पैसे शिबिराने द्यावेत. काडी मोडली तर पेशंटला जायला जागा राहते, आणि चष्मेवाल्याचा धंदाही आपण बुडवत नाही. नंबर काढताना जवळचा तक्ता दाखवून थांबू नका. तांदळातले खडे वेचायला द्या, सुईत दोरा ओवायला सांगा. एका आजीने चष्मा लावून ताटलीतला खडा उचलला आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. अक्षरओळख नसलेल्या माणसाची जवळची नजर अशीच तपासावी.

सामानाचं थोडक्यात: रेटिनोस्कोप आणि त्याचा जादा बल्ब, ट्रायल सेट, ‘ई’चा तक्ता, पिनहोल, मोजपट्टी, डोळ्याचा दाब मोजायचं विजेशिवाय चालणारं यंत्र, मुलांसाठी सायक्लोपेंटोलेट. हातातल्या ऑटोरिफ्रॅक्टरवर सगळं सोपवू नका, वीज नसेल तिथे तो दुपारपर्यंतच साथ देतो. मुदत संपत आलेली औषधं आणि लेन्स बॅगा भरून आणणं तर सोडूनच द्या. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने 1992 पासून आपल्याकडेच स्वस्त लेन्स बनवायला सुरुवात केली. भारतात आता लेन्सची नाही, माणसांची चणचण आहे.

तपासताना असं काही सापडणारच, जे शिबिरात सुटणार नाही. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं, तिथे दिवस मोजावे लागतात. काचबिंदूला थेंबांची एक बाटली देऊन निघून येणं म्हणजे उपचार नव्हे, ते थेंब जन्मभर लागतात. म्हणून जाण्याआधीच जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागाशी बोलून ठेवा. पुढे पाठवलेला पेशंट कोण घेणार, प्रवासाचा खर्च कोण देणार, जनआरोग्य योजनेचे कागद कोण करणार, हे चिठ्ठीवर नावानिशी लिहा. परदेशी डॉक्टरला इथे पेशंटला हात लावायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची परवानगी लागते. “आपण सेवेला आलोय, कोण विचारतंय” असं पथकात कुणी म्हणालं, तर त्या पथकाबरोबर जाऊ नका.

आणि प्रार्थना. हे मी विश्वासणारी म्हणून सांगते, बाहेरची म्हणून नव्हे. पथकाने सकाळी एकत्र प्रार्थना जरूर करावी, मला स्वतःला त्याशिवाय काम सुरू करवत नाही. पण पेशंटजवळ प्रार्थना त्याने मागितली तरच, आणि संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी कधीच नको. पत्रकं रांगेत वाटू नका. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. फुकट उपचार घेणारा माणूस आधीच ओशाळलेला असतो, त्याला नको म्हणता येत नाही. अशा वेळी त्याने मान डोलावली तर तो त्याचा होकार धरू नये. देवाला कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन माणसं गोळा करावी लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. फोटोचंही तेच. पट्टी काढतानाचा रडवेला चेहरा देणगीच्या पत्रकावर छापण्याआधी त्याच्या भाषेत विचारा, आणि नाही म्हटलं तर थेंब आणि चष्मा तितक्याच प्रेमाने द्या.

ज्यांना जाणं जमत नाही, किंवा वर सांगितलेली घडी बसवणं ज्यांच्या हाती नाही, त्यांनाही करण्यासारखं आहे, आणि माझ्या मते ते शिबिरापेक्षा वरचढ आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून 1970 साली जामखेडला आले आणि त्यांनी गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. डोळ्यांच्या कामातही ते चालतं. पाड्यावरची एखादी मुलगी निवडा. थेंब कसे टाकायचे, टोपण कसं आवळायचं, लाल आणि दुखरा डोळा कसा ओळखायचा आणि त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, एवढं तिला तिच्याच बोलीत शिकवा. ऑपरेशन झालेल्यांची यादी तिच्या हातात द्या. पहिला आठवडा तिने रोज घरोघर जावं, पुढे आठवड्यातून एकदा. तिच्या वर्षभराच्या पगाराला जे लागतं, ते आपल्यापैकी बरेच जण एका विमानाच्या तिकिटावर घालवतात. मी आता जाते ती होळीनंतर, नेहमीच्या त्याच कंपाउंडात, आणि पोचल्यावर सर्वात आधी अशाच एका मुलीची वही घेऊन बसते. कुणाला किती दिसतंय, कोण आलं नाही, का आलं नाही, हे सगळं त्यात असतं. ऑपरेशनची नवी यादी त्यानंतर.